पेशी मरायला नकार देते तेव्हा: गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि ‘मार्कर’ प्रथिनं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी इकडच्या बायकांच्या बायॉप्सीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. महिला मंडळात किंवा स्वयंसाहाय्य गटात बोलायला गेले की सभेत फारसं कोणी काही विचारत नाही. चहाच्या वेळी मात्र एकेक जण बाजूला घेऊन पर्समधला घडी घातलेला रिपोर्ट काढते. त्यावर पी१६, की-६७, कधी पी५३, कधी बीसीएल-२ अशी प्रथिनांची नावं असतात. पेशीत काय चाललंय याची खूण देतात, म्हणून त्यांना ‘मार्कर’ म्हणतात. कुणाची मुलगी नर्सिंग किंवा बायोटेक शिकत असते, ती आणखी खोलातलं विचारते. असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

रिपोर्टमध्ये ‘पी१६ पॉझिटिव्ह’ लिहिलंय. म्हणजे मला कॅन्सर झाला का?

एवढ्या एका ओळीवरून तसं म्हणता येत नाही. पी१६ हे आपल्याच पेशीतलं, विभाजनाला ब्रेक लावणारं प्रथिन आहे. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या लैंगिक संबंधातून येणाऱ्या विषाणूनं पेशीचा ताबा घेतला की ते भरमसाट तयार होतं. म्हणून गर्भाशयमुखाच्या अस्तरात खालपासून वरपर्यंत हे प्रथिन दाखवणारा तपकिरी रंग सलग दिसला, की विषाणूनं तिथं कायमचं बस्तान मांडलं आहे असं आम्ही समजतो. बहुतेकदा ही कर्करोगाच्या आधीची, तीव्र प्रतीची बदललेली अवस्था असते. तिला एचएसआयएल म्हणतात आणि ती छोट्या उपचारानं काढून टाकता येते. रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद, जिथं निदान लिहिलेलं असतं, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. तो न वाचता फक्त ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर रात्र रात्र जागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

पेशी ‘ठरवून मरते’ म्हणजे नेमकं काय?

आईच्या पोटात असताना आपली बोटं पडद्यानं जोडलेली असतात. मधल्या पेशी वेळेवर मरतात आणि बोटं सुटी होतात. या शिस्तशीर मरणाला अपोप्टोसिस म्हणतात. केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दात झाडावरून पान गळण्याचा अर्थ आहे. जखमेनं किंवा भाजल्यानं मेलेली पेशी फुटते आणि आजूबाजूला सूज आणते. ठरवून मरणारी पेशी मात्र आक्रसते, तिच्या केंद्रकाचे तुकडे होतात, आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून जागा साफ करतात. मागे खूण राहत नाही.

हे मरण जनुकांतच लिहिलेलं असतं, हे एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवरून कळलं. त्याच्या शरीरात घडताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात, प्रत्येक वेळी त्याच. या कामाबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

मग यातली प्रथिनं कोणती, आणि ती करतात काय?

हे समजावताना मी खाजनाचं उदाहरण देते, कारण आमच्याकडच्या बायकांना ते लगेच कळतं. खाजन शेतीत एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात आणि मध्ये बांध. मानसीची, म्हणजे बांधातून पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेची, दारं वेळेवर उघडली-मिटली की सगळं ठीक. बांधाला भगदाड पडलं तर खारं पाणी आत घुसतं आणि शेत मरतं.

पेशीतही असा एक बांध आहे, मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचं, बाहेरचं आवरण. त्याच्या आत सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन कोंडलेलं असतं. ते बाहेर सांडलं की कॅस्पेज नावाची कात्रीसारखी विकरं जागी होतात, आधी कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३, आणि पेशी आतून कापली जाते. या बांधाला भगदाड पाडणारी प्रथिनं म्हणजे बॅक्स आणि बॅक. त्यांना धरून ठेवणारे, बांध राखणारे म्हणजे बीसीएल-२ आणि त्याचे भाऊबंद. पेशी जगणार की मरणार, हे बऱ्याच अंशी या दोन गटांच्या प्रमाणावर ठरतं. सर्व्हायव्हिन हे आणखी एक प्रथिन १९९७ मध्ये सापडलं. ते कॅस्पेजच्या कामात अडथळा आणतं आणि पेशीच्या विभाजनातही भाग घेतं.

या सगळ्यांवर नजर ठेवणारं पी५३. जनुकांना इजा झाली की ते पेशीला थांबवतं आणि दुरुस्ती होत नसेल तर मरणाचा हुकूम देतं. ते बॅक्सचं उत्पादन वाढवतं आणि सर्व्हायव्हिनचं दाबून ठेवतं. हे लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

एचपीव्ही यात कुठं येतो?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग हाच, म्हणून इथं थोडी जास्त जागा घेते.

हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटानं १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून एचपीव्ही-१६ वेगळा काढला आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८. त्यासाठी त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात.

विषाणूला वाढायचं तर पेशी विभाजित होत राहायला हवी. पण तो राहतो त्या अस्तरातल्या वरच्या पेशी विभाजन थांबवून गळून पडण्याच्या वाटेवर असतात. म्हणून त्याचं ई-७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी नावाच्या ब्रेकला निकामी करतं आणि पेशीला पुन्हा विभाजनाला लावतं. आता, अवेळी विभाजनाला लागलेली पेशी पी५३ च्या नजरेतून सुटत नाही. एकटं ई-७ असतं तर पेशी मेली असती आणि तिच्याबरोबर विषाणूही. म्हणून त्याच्याजवळ ई-६ हे दुसरं प्रथिन आहे. ते पेशीतल्याच एका मदतनीसाला हाताशी धरून पी५३ ला कचऱ्यात पाठवतं. शिवाय ते बॅकचीही अशीच विल्हेवाट लावतं. पी५३ गेलं की बॅक्स कमी पडतं आणि सर्व्हायव्हिनवरचा दाब सुटतो. म्हणजे एक प्रथिन पेशीला पळवतं आणि दुसरं तिच्या मरणाची वाट बंद करतं.

हे वाचून भीती वाटली असेल तर त्यातलीच आशेची बाजूही सांगते. बाल्टिमोरला १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. त्यांत एचपीव्ही-१८ आहे. त्या पेशींतले ई-६ आणि ई-७ प्रयोगात बंद पाडले, तर पी५३ परत उभं राहतं आणि इतकी दशकं न थांबलेल्या पेशी थांबतात किंवा मरतात. म्हणजे मरणाची यंत्रणा मोडलेली नसते, दाबून ठेवलेली असते. फुप्फुसाच्या, आतड्याच्या बऱ्याच कर्करोगांत पी५३ चं जनुकच बिघडलेलं असतं. एचपीव्हीमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ते बहुतेक वेळा धड असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा फरक दोनदा लिहायला लावते.

या प्रथिनांवरून कर्करोग होणार की नाही, हे आधी कळू शकतं का?

संशोधकांना तीच आशा आहे, आणि तिला आधार आहे. निरोगी अस्तरात बीसीएल-२ फक्त सगळ्यात खालच्या थरात दिसतं. तिथल्या पेशींनी जगून नव्या पेशी पुरवायच्या असतात, त्यामुळे ते रास्तच आहे. बदल तीव्र होत जातो तसा तो तपकिरी रंग वरच्या थरांत चढतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. सर्व्हायव्हिनही सौम्य अवस्थेपेक्षा तीव्र अवस्थेत आणि कर्करोगात जास्त सापडतं.

पण ‘गटात जास्त दिसतं’ आणि ‘तुमच्या बाबतीत सांगता येतं’ यांत मोठं अंतर आहे. शंभर स्लाइड एकत्र मांडल्या की चढता क्रम दिसतो. तुमची एक स्लाइड हातात घेतली की ती सौम्य आणि तीव्र, दोन्हींकडे बसू शकते. शिवाय पूर्ण विकसित कर्करोगात बीसीएल-२ कधी भरपूर असतं, कधी जवळजवळ नसतंच. त्याच्या प्रमाणावरून रुग्ण किती जगेल हे सांगायला गेलेल्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

का जुळत नाहीत? तपासणी तर एकच ना?

नाव एक, हात अनेक. पद्धत अशी: बायॉप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवायचा, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचा. मग त्यावर त्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड टाकून तपकिरी रंग उठवायचा. यात प्रतिपिंड कोणत्या कंपनीचं, तुकडा फॉर्मलिनमध्ये किती तास होता, आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हणायला किती टक्के पेशी रंगायला हव्यात, हे प्रत्येकानं वेगळं धरलं. कुणी दहा टक्के, कुणी तीस. कुणी सपाट पेशींचा आणि ग्रंथींचा कर्करोग एकत्र मोजला. रुग्णसंख्या पन्नास-साठच्या आसपास.

बीसीएल-२ ची आणखी एक खोड आहे. आपल्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींत ते भरपूर असतं, आणि सुजलेल्या गर्भाशयमुखात लिम्फोसाइटची गर्दी असते. तपासणारा नवखा असेल तर त्याच तपकिरी ठिपक्यांना बदललेल्या पेशी समजून बसतो. अनुभवी माणूस उलट त्यांचाच उपयोग करतो. लिम्फोसाइट रंगल्या म्हणजे रंग नीट लागला, याची खात्री त्याच स्लाइडवर होते.

तुकडा मुळातच नीट पाठवलेला नसेल तर पुढचं सगळं फुकट. एकदा माझ्याकडे सलाइनमध्ये ठेवलेली बायॉप्सी दुसऱ्या दिवशी आली. पेशी विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. त्या बाईला दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागलं. ती काही बोलली नाही, पण मला अजून आठवतं.

मग पी१६ ला रिपोर्टमध्ये जागा कशी मिळाली, आणि बीसीएल-२ ला का नाही?

पी१६ चा प्रश्न साधा होता आणि उत्तर स्वच्छ मिळालं: इथं धोकादायक एचपीव्हीचं ई-७ सक्रिय आहे की नाही? ई-७ नं आरबी निकामी केलं की पी१६ वाढतं, पण आरबीविना त्याचा ब्रेक लागत नाही. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी, निदान सीमारेषेवर असेल तेव्हा पी१६ वापरायला सांगितलं. पुढे पी१६ आणि विभाजनाची खूण असलेलं की-६७ ही दोन्ही एकाच पेशीत रंगवण्याची चाचणी निघाली. निरोगी पेशीत ब्रेक आणि गती एकत्र नसतात. एकाच पेशीत दोन्ही दिसली म्हणजे ब्रेक तुटला. एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या बायकांपैकी कुणाला कॉल्पोस्कोपीला, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून बघण्याच्या तपासणीला, पाठवायचं, हे ठरवायला ती चाचणी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली.

बीसीएल-२, बॅक्स, सर्व्हायव्हिन, कॅस्पेज-३ यांचा प्रश्न अवघड आहे. ती प्रथिनं तोलातली आहेत आणि तोल एका पारड्याकडे बघून कळत नाही. विभाजन करणाऱ्या निरोगी पेशीतही थोडं सर्व्हायव्हिन असतंच. म्हणून एकेकट्या प्रथिनापेक्षा दोघा-तिघांचं प्रमाण, एचपीव्हीचा प्रकार आणि की-६७ एकत्र बघणारे अभ्यास मला जास्त पटतात. त्यांना अजून मोठ्या संख्येच्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांची गरज आहे.

खासगी लॅबमध्ये ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’ मिळतं. त्यात हे सगळं येतं का?

नाही. ती बहुधा रक्ताची तपासणी असते, आणि वर सांगितलेली प्रथिनं गर्भाशयमुखाच्या पेशींत बघायची असतात. रक्ताचं असं पॅकेज नॉर्मल आलं म्हणून पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी अलगद खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) किंवा एचपीव्ही तपासणी टाळू नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण नॉर्मल रक्ततपासणीच्या भरवशावर दोन-तीन वर्षं थांबलेल्या बायका माझ्यापर्यंत उशिरा पोचल्या आहेत.

मग मी नेमकी कोणती तपासणी करू?

वय ३० ते ६५ असेल तर, काहीही त्रास नसतानाही, तीनपैकी एक करा.

एचपीव्ही डीएनए चाचणी सगळ्यात चांगली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तिलाच पहिली पसंती दिली. ती ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी केली तरी चालते. एचआयव्ही असलेल्या बायकांनी २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी करावी. या चाचणीची ताकद आपल्याच लोकांनी दाखवून दिली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३० हजारांहून अधिक बायकांवर बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीनं मोठा अभ्यास झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यातल्या, मराठी बोलणाऱ्या बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

दुसरी, पातळ व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघण्याची व्हीआयए. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी हीच सांगितली आहे. स्वस्त आहे आणि निकाल तिथल्या तिथं कळतो. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ती केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिसरी, पॅप.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा. पुढची तपासणी लागली तर म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय आहे, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, आहे. आपलं राज्य एवढंसं आहे की सकाळी कदंबच्या सरकारी बसमध्ये बसलेली बाई संध्याकाळी घरी चूल पेटवायला परत येते. तरीही ‘चवथ (गणेश चतुर्थी) होऊं दे’, मग ‘जत्रा होऊं दे’, मग ‘मुलीची परीक्षा’ असं वर्ष निघून जातं.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. नवऱ्यावर संशय घेऊ का?

नको. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी भेटतो, आणि तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कधी, कुणाकडून आला हे कोणतीच तपासणी सांगत नाही. दहापैकी साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांत आपोआप जातो किंवा दबतो.

आणि नाही गेला तर किती वेळ असतो हातात?

प्रतिकारशक्ती चांगली असेल तर संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं. एचआयव्ही उपचाराविना असेल तर ५ ते १० वर्षं. न्यूझीलंडमध्ये एका रुग्णालयात सीआयएन-३ या, कर्करोगाच्या आधीच्या तीव्र अवस्थेतल्या बायकांवर पुरेसे उपचार केले गेले नाहीत. त्या दुर्दैवी प्रकरणातून कळलं की ३० वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के जणींना कर्करोग झाला. ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. उरलेल्या सुमारे ६९ टक्के जणींना कर्करोग झाला नाही, पण त्या कोण हे आधी ओळखता येत नव्हतं. अपोप्टोसिसच्या मार्करांवर लोक इतकी मेहनत घेतात ती याच बायका ओळखण्यासाठी. तसं जमलं तर विनाकारण उपचार टळतील, विशेषतः ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांच्यावरचे.

बीसीएल-२ ला रोखणारं औषध आहे म्हणे. ते या कर्करोगात चालतं का?

व्हेनेटोक्लॅक्स हे ते औषध. ते २०१६ पासून रक्ताच्या काही कर्करोगांत वापरलं जातं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्याचा प्रस्थापित उपयोग नाही. इथं लवकरच्या अवस्थेत शस्त्रक्रिया, आणि पुढच्या अवस्थेत रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, हे १९९९ पासूनचं मुख्य शस्त्र आहे. रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनही पेशीला मरणाकडेच ढकलतात. म्हणून कोणाची गाठ रेडिएशनला दाद देणार नाही हे बीसीएल-२, बॅक्सवरून आधी कळेल का, असा प्रयत्न झाला. पण उपचार बदलावा इतका भक्कम पुरावा त्यातून मिळालेला नाही.

मुलीला लस द्यायची का?

हो. ९ ते १४ वयात द्या, शक्यतो लैंगिक संबंध सुरू होण्याआधी. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून उपलब्ध आहे. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. ई-६ आणि ई-७ पेशीत शिरलेच नाहीत तर वरची सगळी कहाणी सुरूच होत नाही. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

पिशवी काढलेली आहे. तरी तपासणी हवी?

गर्भाशयमुखासकट पिशवी काढली असेल, आणि ती साध्या गाठींसाठी किंवा रक्तस्रावासाठी काढली असेल, तर बहुधा गरज नाही. आधी एचएसआयएल निघालं असेल तर हवी. काय काढलं हे ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं.

कोणत्या त्रासात थांबू नये?

संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यानंतर पुन्हा लाल दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, वास येणारं पांढरं जाणं. लाजू नका, त्याच आठवड्यात दाखवा. आपल्या देशात २०२२ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कर्करोग झाला आणि जवळपास ८० हजार जणी गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. हा आजार वर्षानुवर्षं आधी ओळखता येतो, हे माहीत असताना तो आकडा वाचणं मला जड जातं.

मुंबईला किंवा बेळगावला दुसरं मत घ्यायचं आहे. नुसता रिपोर्ट पुरेल का?

नाही. रिपोर्ट हे आमचं मत आहे, पुरावा मेणाच्या ठोकळ्यात आहे. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथं लेखी अर्ज देऊन पॅराफिन ब्लॉक आणि मूळ स्लाइड मागा. ब्लॉक चांगला असेल तर त्यातून पुन्हा काप काढून पी१६, की-६७, पी५३ सगळं परत करता येतं, दुसऱ्यांदा बायॉप्सी न करता. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. छोट्या डबीत, कापसात गुंडाळून, हातातल्या पिशवीत न्या. वर नाव आणि नमुना क्रमांक लिहिला आहे ना, तो लॅबच्या काउंटरवरून निघण्याआधी रिपोर्टशी जुळवून पाहा. परत आल्यावर ब्लॉक लॅबमध्ये जमा करा आणि पोच घ्या.